नोंदवहीतलं शून्य

भूगर्भशास्त्र मी काही ठरवून घेतलं नव्हतं. २०१४ साली कॅलिफोर्नियात आम्हाला दोन वर्षं झाली होती, माझी लातूरची बी.कॉम.ची पदवी बॅगेच्या तळाशी पडून होती आणि घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा वर्ग भरलेला होता. वेटलिस्टवर माझा नंबर तेविसावा. त्या वेळेला बसणारा आणि जागा असलेला वर्ग एकच, भूगर्भशास्त्राचा. चार युनिट, युनिटला ४६ डॉलर, म्हणजे १८४ डॉलर. नवरा म्हणाला, "घे, निदान घराबाहेर तरी पडशील."

या कॉलेजांत प्रवेशासाठी कुणी टक्के विचारत नाही. शेजारच्या बाकावर दोन वर्षं स्वस्तात शिकून मग युनिव्हर्सिटीत जाऊ पाहणारी अठरा वर्षांची पोरगी, मागे निवृत्त नर्सबाई, आणि दाराजवळ कायम बुटांना सिमेंट लागलेला एक मेक्सिकन गडी. दिवसा फुटपाथ ओतायची कामं करायचा आणि संध्याकाळी वर्गाला यायचा. लॅबमध्ये ट्रेमधला काळा दगड हातात आला तेव्हा बाईंनी विचारलं, "ओळखा." मी त्याला नखानं टोकरलंसुद्धा नाही. म्हटलं, बसाल्ट. आमच्या घराचा उंबराच त्याचा होता.

२०१५च्या मे महिन्यापासून आम्हा एच-फोर व्हिसावाल्यांपैकी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायका-नवऱ्यांपैकी, काहींना काम करायची परवानगी मिळू लागली. माझं कार्ड आलं आणि बाईंनी मला लॅबची मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. आठवड्याला दहा तास. ॲसिडच्या ड्रॉपर बाटल्या भरायच्या, ओरखडे काढायच्या काचा पुसायच्या, मुलांनी मिसळून टाकलेले कॅल्साइट आणि क्वार्ट्झ पुन्हा निवडायचे. तांदूळ निवडल्यासारखं काम, मला आवडायचं. शिवाय एक जुनी हिरवी नोंदवही माझ्या ताब्यात होती. दर सेमिस्टरला हेवर्ड गावाला जायचं, रोज स्ट्रीट आणि प्रॉस्पेक्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फुटपाथची कड किती सरकली ते मोजायचं आणि त्यात लिहायचं.

त्या कोपऱ्याबद्दल थोडं सांगते. हेवर्ड फॉल्ट (जमिनीच्या पोटातली लांबलचक भेग) तिथून रस्त्याखालून जातो. तो नुसता भूकंपाच्या वेळीच हलतो असं नाही, रोज हळूहळू सरकतही असतो, वर्षाला साधारण पाच मिलिमीटर. एका बाजूला उभं राहून समोर पाहिलं तर पलीकडचं जग आपल्या उजवीकडे चाललेलं असतं. त्या कोपऱ्यावरची सिमेंटची कड एके काळी सरळ होती. १९७०च्या दशकापासून भूगर्भवाले तिचे फोटो काढत आले आणि दर फोटोत दोन तुकडे एकमेकांपासून जरा जास्त सरकलेले. शेवटी वीतभर फरक पडला होता. जमीन सरकते म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या पोरालाही तिथे बोट लावून दाखवता यायचं.

२०१६च्या ऑक्टोबरातला मोजणीच्या सहलीचा तो शनिवार. पहिला थांबा फ्रीमाँट, बार्ट या लोकल ट्रेनच्या स्टेशनशेजारचं टायसन लगून नावाचं डबकं. दिसायला अगदीच सामान्य, बेशरमीच्या झुडपांसारखं काहीतरी माजलेलं. पण तिथे चर खणून शास्त्रज्ञांनी गाळाच्या थरांतून मागच्या १९०० वर्षांतले बारा मोठे भूकंप मोजले आहेत. शेवटच्या पाचांमधलं सरासरी अंतर १४० वर्षं. या फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा. १९०६ चा येईपर्यंत लोक त्यालाच 'सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप' म्हणायचे. माझ्या शेजारच्या बाकावरच्या त्या पोरीनं बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे तो २००८ लाच यायला हवा होता?"

बाई म्हणाल्या, "चला, बसमध्ये बसा."

मग हेवर्ड. बाई उतरताना नेहमीसारख्या उत्साहात होत्या, मी टेप आणि क्लिपबोर्ड घेऊन मागे. कोपऱ्यावर पोचलो आणि बाई थांबल्या. कड नव्हती. म्हणजे कड होती, पण नवी कोरी, गुळगुळीत. व्हीलचेअर चढावी म्हणून उतार, त्यावर पिवळी खडबडीत फरशी. चाळीसेक वर्षं जमिनीनं जे केलं होतं ते कुणीतरी उन्हाळ्यात एका आठवड्यात सरळ करून टाकलेलं. बाई सुट्टीत बाहेरगावी होत्या, त्यांना पत्ताच नव्हता.

आता यात कुणाला दोष देणार? तुटलेली कड दुरुस्त करणं हे पालिकेचं कामच आहे आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला भूगर्भशास्त्राशी काय करायचंय. तरी बाईंचा चेहरा पाहवत नव्हता. गावातलं जुनं पिंपळाचं झाड रस्तारुंदीत गेल्यावर म्हाताऱ्यांचा होतो तसा.

मेक्सिकन गडी मात्र खाली बसला होता. त्यानं नव्या सिमेंटवरून तळवा फिरवला, कडेला डोळा लावला. "काम चांगलं केलंय," म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो उठला आणि डोंगराच्या समांतर पुढच्या गल्लीत चालू लागला. पाच मिनिटांनी त्यानं शीळ घातली.

तिथे एका घरासमोर कडेचा जुना तुकडा होता, मध्ये केव्हातरी ठिगळ मारलेलं. त्यानं मला पोटावर झोपायला लावलं. (कुर्ता पांढरा होता, ते जाऊ दे.) कडेच्या रेषेत डोळा ठेवला तर लांबून सरळ दिसणारी कड ठिगळापाशी हलकेच वळलेली. "ज्यानं फर्मा लावला ना," तो म्हणाला, "त्याला दोन टोकं जुळत नव्हती. त्यानं फळी वाकवली आणि जुळवून घेतलं. आम्ही सगळे तेच करतो. वर कळवायचं कशाला?" ठिगळाच्या एका सांध्यात पुन्हा चीर पडलेली होती, तीत नाणं जाईल एवढी. आम्ही टेप लावली. बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि आकडा दोनदा वाचून घेतला.

दुपारी जुन्या नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर डबे उघडले. ती इमारत बरोबर फॉल्टवर बसलेली, म्हणून कित्येक वर्षं बंद. बाहेरूनच बघायची. मी मेथीचे पराठे आणले होते, अर्धे त्या पोरीनं संपवले. खाता खाता तिनं विचारलं, "तुमच्याकडे होतात भूकंप?"

दोन वर्षं मी या वर्गात नि लॅबमध्ये वावरत होते, पण हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून दहा-बारा किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. मी नऊ वर्षांची. तीव्रता ६.२.

"इथे १९८९ ला ६.९ चा झाला," ती म्हणाली. "त्रेसष्ट लोक गेले. तुमच्याकडे?"

"दहा हजारांच्या घरात."

तिला वाटलं, मी इंग्रजीत आकडा चुकले. तिनं विचारलंही तसं. मग बाईंनी तिला समजावलं, की तिकडे नकाशावर अशी रेघ नव्हती, तो भाग स्थिर धरलेला. वर लाव्ह्याचे थर तीनशे मीटरहून जाड, त्याखाली काय चिरलंय ते कुणाला दिसणार? मी मान हलवत होते. आदल्या वर्षीही तिथे जमीन गुरगुरली होती, लोक तक्रारी करून थकले होते, हे पुस्तकात नव्हतं, ते मी जोडलं. आत्या किल्लारीला दिली होती हे नाही सांगितलं.

पण गड्याला फॉल्टमध्ये रस नव्हता. "भिंती कशाच्या होत्या?" त्यानं विचारलं.

मी क्लिपबोर्डवर माळवदाचं घर काढून दाखवलं. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मध्ये गोटे आणि चिखल. भिंत अडीच फूट जाड. वर लाकडी तुळया, फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर, दर पावसाळ्याआधी आणखी थोडी टाकलेली. उन्हाळ्यात आत एवढं गार, की दुपारी गोधडी लागायची.

त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि भिंतीच्या आत एक आडवा दगड काढला, बाहेरच्या थरापासून आतल्या थरापर्यंत पोचणारा. "असा असायचा का? आरपार?"

मला आठवेना. त्यानं चित्र परत केलं. "नसेल तर दोन भिंती झाल्या ना," तो म्हणाला. "एक आत पडणार, एक बाहेर."

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते, गावाकडे रविवारची पहाट साडेपाचची. अण्णा उठलेले असतात. चहा झाला का, पाऊस उघडला का, सोयाबीन काढली का, सगळं झाल्यावर विचारलं.

"अण्णा, आपल्या जुन्या भिंतीत आरपार दगड होता का?"

"कसला?"

समजावून सांगितलं.

"कुठला गं. लांब दगड फोडायला मजुरी पडती. गवंडी म्हणायचा, जाडी वाढवू, मजबूत होतंय." मग थोडं थांबून, "तुझ्या आत्याची भिंत तर तीन फुटांची होती. गावात बघायला यायची माणसं."

मी काही बोलले नाही. तिकडे म्हशीनं हंबरडा फोडला तसे ते, "ठेवतो बाई, धार काढायची हाय," म्हणून गेले.

सोमवारी लॅबमध्ये नोंदवही काढली. रोज स्ट्रीट-प्रॉस्पेक्ट स्ट्रीटच्या ओळीत काय लिहू म्हणून बाईंना विचारलं. कागद तपासत मान वर न करता त्या म्हणाल्या, "शून्य. आणि तारीख नीट घाल." घातली. त्याखाली नवी ओळ आखली, पुढच्या गल्लीतल्या ठिगळाची, शनिवारच्या आकड्यासकट. मोजणाऱ्यांच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि मेक्सिकन गड्याचं लिहायला जागा सोडली. संध्याकाळी तो वर्गाला आला तेव्हा वही पुढे केली. त्यानं आधी पँटला हात पुसले.