मागे काय ठेवणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा प्रश्न मी बरीच वर्षं हसण्यावारी नेलाय. "पेन्शन सगळी फिरण्यात घालवता, मागे काय ठेवणार?" जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर भाजीवालीच्या समोर विचारलं. विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर माझी मुलगी असते. ती स्वतः मात्र कधी विचारत नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत होते, शेवटची सहा क्लेमच्या टेबलावर. म्हणजे खातेदार गेला की घरचे माझ्याकडे यायचे. हातात मृत्यूचा दाखला, पासबुक आणि कपाटातल्या वर्तमानपत्राखाली सापडलेली एफडीची पावती. नॉमिनी लावलेला नसायचा, किंवा लावलेला तोच आधी गेलेला असायचा. "नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो फक्त पैसे हातात घेणारा" हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी म्हणत असेन, आणि तेवढ्यात समोरची भावंडं एकमेकांकडे बघायची थांबलेली असायची. 10 वर्षं कोणी फिरकलं नाही तर असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. नंतरही मागता येतात, शोधायला 2023 पासून 'उद्गम' नावाचं पोर्टलही आहे. पण खातं होतं हेच घरात माहीत नसेल तर शोधणार कोण?

तरी मला खरं शिकवलं ते माझ्याच घरातल्या पावतीने. बाबांना रामेश्वरला जायचं होतं. त्यासाठी त्यांनी वेगळी एफडी केली होती, घरात तिचं नावच 'रामेश्वर'. मुदत संपली की त्या वर्षी काहीतरी निघायचंच: आजीचा मोतीबिंदू, माझं लग्न, भावाच्या खोलीचं डिपॉझिट. त्यासाठी बाबा दुसरीकडून उसने घ्यायचे, पण 'रामेश्वर' मोडायचे नाहीत. व्याजदर बरा आहे म्हणून पुन्हा रिन्यू करायचे. 1998 मध्ये ते गेले तेव्हा ती एफडी शाबूत होती. भावाला निम्मी, मला निम्मी. माझ्या वाट्याचे पैसे कशात गेले ते मला आज सांगता येत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये.

2017 मध्ये मी आईला रामेश्वरला नेलं. ती एकोणऐंशीची. देवळातल्या 22 तीर्थांवर माणसं बादलीने पाणी शेंदून अंगावर ओततात. पाचव्या तीर्थापर्यंत "पुरे गं" चाललं होतं, आठव्यानंतर ती मलाच मागे टाकून पुढच्या रांगेत जाऊन उभी. लुगडं निथळतंय, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलेलं, आणि खो-खो हसतेय. परतताना गाडी पांबनच्या समुद्रावरच्या जुन्या, 1914 च्या रेल्वे पुलावरून अगदी सावकाश निघाली. खिडकीतून खाली नुसतं पाणी. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आपला माहीमचा कॉजवेच की. नुसता लांब."

आता कॉजवेचा विषय निघालाच आहे, तर तुमची बाजूही मांडते. आपण राहतो तो एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय. माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागायची, होड्या उलटून माणसं बुडायची. या बाईंनी बांधकामाला 1,57,000 रुपये दिले, अट एकच, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये कॉजवे सुरू झाला. (पलीकडच्या सी लिंकवर टोल भरताना मला हटकून त्यांची आठवण येते.) याला म्हणतात मागे ठेवणं, आणि यापुढे माझी बोलती बंद होते. पण एक बघा, बाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं नव्हतं. डोळ्यांदेखत दिले, गाड्या जाताना बघितल्या.

माझ्याकडे कॉजवेपुरतं नाही. वन बीएचके आहे, आणि मुंबईत तेवढंही पिढ्या पुरतं. गेल्या वर्षी मृत्युपत्र केलं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या. रजिस्टर करायची सक्ती नसते, तरी मी केलं, टेबलाच्या त्या बाजूला फार बसलेय म्हणून. घर मुलीचं, बांगड्या मुलीच्या, सगळ्या खात्यांची यादी एका वहीत. बाकी पेन्शन माझी. डिसेंबरात आसामातल्या माजुली बेटावर जातेय, ब्रह्मपुत्रेतून फेरीने.

हे सगळं मुलीला फोनवर नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती की काहीतरी शोधत होती, कोण जाणे. शेवटी म्हणाली, "घराचं राहू दे. आजीचा तो ओल्या लुगड्यातला फोटो तुझ्याकडेच आहे ना? तो आधी पाठव."