सही जुळत नाही

मार्चमध्ये आयुर्विम्याच्या काउंटरवर कुणी नॉमिनी बदलायला आलं की आमच्या शाखेत सगळ्यांच्या कपाळावर आठी पडते. हप्ते, कर्जं, मॅच्युरिटीची गर्दी आणि त्यात शाखेला एक रुपयाही न देणारं हे काम. म्हणून ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. काम तसं किरकोळच आहे. पॉलिसीधारकाची सही, साक्षीदाराची सही, मूळ बाँड, नव्या माणसाचं नातं, वय, ओळखपत्र. नॉमिनी अठराच्या आतला असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारं मोठं माणूस आणि त्याची संमती. नोंद केली, बाँडवर शिक्का मारला की झालं. आधीच्या नॉमिनीला विचारावं लागत नाही, कळवावंही लागत नाही. लोकांना हेच खरं वाटत नाही.

त्या दिवशी फॉर्म नवऱ्याने पुढे केला. अक्षर एजंटचं, लगेच ओळखू येतं. पॉलिसी विकताना हे लोक नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव टाकून मोकळे होतात आणि नंतर बदलायला मात्र घरपोच सेवा. पॉलिसी बायकोची होती. ती खासगी हॉस्पिटलात नर्स, पॉलिसी लग्नाआधीची, नॉमिनी वडील. आता तिथे नवऱ्याचं नाव घालायचं होतं. ती त्याच्या मागे उभी होती, ड्यूटीवरून थेट आलेली. मूलबाळ नाही, हे बोलण्यात आलं.

"सही माझ्यासमोर करा," मी म्हटलं.

तिने केली. देवनागरीत, सासरचं नाव पूर्ण, पाटीवर गिरवल्यासारखं. स्क्रीनवर प्रपोजलची, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जावरची, स्कॅन केलेली सही उघडली तर ती इंग्रजीत, झरझर केलेली, खाली उजवीकडून डावीकडे ओढलेली रेघ. दोन्हींत काडीचं साम्य नाही.

"लग्नात नाव बदललं ना मॅडम, सही बदलणारच," नवरा म्हणाला.

पटण्यासारखं होतं. आपल्याकडे मुलीचं आडनावच काय, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही. अशा बायका रोज येतात. पण मला सवय आहे, डॉकेट, म्हणजे पॉलिसीची फाइल, शेवटपर्यंत बघायची. गेल्या दिवाळीत तिने याच पॉलिसीवर कर्ज घेतलं होतं, म्हणजे लग्नानंतर. (कर्ज घेतलं की पॉलिसी कंपनीच्या नावे लागते, पण नॉमिनेशन तसंच राहतं.) त्या कागदांवर जिथे जिथे सही लागते तिथे तीच इंग्रजी सही, खालच्या रेघेसकट. आमच्याकडे आपलं जुनं नाव आणि जुनी सहीच चालते, हे तिला पक्कं माहीत होतं.

मी वर बघितलं. ती शाईच्या पॅडकडे बघत होती.

"सही जुळत नाही," मी म्हटलं. "आधी नावात बदल करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला, आधार, नव्या सहीचा नमुना."

"अहो, माणूस समोर उभंय, अजून काय पाहिजे?" त्याचंही चूक नव्हतं. ओळख पटवून, नवा नमुना घेऊन ते त्याच दिवशी करता आलं असतं. तो चिडून झेरॉक्स काढायला खाली गेला.

तिने हळूच विचारलं, "नाव काढलं तर बाबांना कळतं का?"

"नाही."

"आणि राहू दिलं तर?"

इथे मी काउंटरवरची बाई राहिले नाही. तिला सांगितलं की 2015 च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर पैशावर हक्क त्यांचाच, ते नुसते रक्कम उचलणारे नव्हेत. त्याआधी 1983 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नॉमिनी म्हणजे फक्त पैसे घेणारा हात होता. तरी कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलंय की हे कलम वारसा कायद्याच्या वर नाही. आणि वारसा कायदा तिच्यासाठी काय म्हणतो? हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःची कमाई आधी मुलं आणि नवऱ्याकडे, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे आईवडील त्यानंतर. सासरचे लोक आईवडिलांच्या आधी! रात्रपाळ्या करून भरलेल्या हप्त्यांचं हे असं. "नॉमिनी कुणीही ठेवा, पण मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही."

"हे कागद आणायला मुदत असते का?" तिने विचारलं.

"नाही. तुम्ही आणाल तेव्हा."

"मग आणते." तिने फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. नवरा वर आला तेव्हा ती जिन्यापाशी पोचली होती.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी सगळं ऐकत होते. "नवराबायकोत कशाला पडता? ती गोंधळली, एवढंच." त्यांना कुठलीच फाइल वाढलेली आवडत नाही. साहेबांनी तर अर्ज न घेता परत कसा पाठवला म्हणून तक्रार येईल, एवढीच काळजी दाखवली. पुढे नवरा एकदा एकटाच आला, दाखला घेऊन. पॉलिसीधारक आल्याशिवाय काही होणार नाही, असं मी सांगितल्यावर पुटपुटत गेला. ती काही आली नाही.

माझा त्या नवऱ्यावर राग नाही. मूल नाही, संसार दोघांचा, उद्या तिचं काही झालं तर त्याच्या नावावर काहीतरी असावं, असं त्याला वाटलं असेल. तसंच असेल तर मी सज्जन माणसाला उगाच जिने चढायला लावले. सहकारी म्हणतात तशी ती गोंधळली असेलही. पण दिवाळीत चटकन इंग्रजी सही करणारी बाई मार्चमध्ये एकेक अक्षर जपून काढते, काना-मात्रेसकट, आणि मग तिची नजर पॅडवरून हलत नाही, हे मला गोंधळल्यासारखं वाटलं नाही.