अप्रेझल कोण लिहितं? ॲजाइलचा नेदरलँड्समधला धडा

आपल्याकडे ॲजाइल (लहान टीमनी छोट्या छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत) म्हटलं की सकाळचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे उभ्या उभ्या होणारी टीमची बैठक, डोळ्यांसमोर येतो. इथे ॲम्स्टरडॅममध्ये पहिला प्रश्न असतो तो कोण कोणाला रिपोर्ट करणार हा.

आयएनजी बँकेने 2015 च्या उन्हाळ्यात मुख्यालयातल्या सुमारे 3,500 लोकांची 13 ट्राइब (म्हणजे स्क्वॉडचे मोठे गट) आणि 350 च्या आसपास स्क्वॉडमध्ये फेरमांडणी केली. स्क्वॉड म्हणजे नऊ-एक माणसं. मार्केटिंग, डेटा, आयटी सगळे शेजारी शेजारी बसतात. जुनं पद आपोआप कोणालाच मिळालं नाही, नव्या जागेसाठी पुन्हा अर्ज करावा लागला.

खरी मेख पुढेच आहे. आधी काय करायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो, पण तो कोणाचाही साहेब नसतो. अप्रेझल, भरती, कौशल्यवाढ हे चॅप्टर लीडकडे असतं, म्हणजे वेगवेगळ्या स्क्वॉडमधल्या एकाच कामाच्या माणसांच्या प्रमुखाकडे. तो स्वतःही एका स्क्वॉडमध्ये रोजचं काम करतो. ही अट सोडू नका. हातातलं काम सुटलं की तो पुन्हा जुना मॅनेजर होतो. आणि अप्रेझल प्रॉडक्ट ओनरकडे गेलं, तर स्टँडअपची हजेरी होते: जो तो त्याच्याकडे बघून बोलतो, आणि अडलेलं काम कोणी सांगत नाही.

दुसरी चूक आपल्या ओळखीची: डेव्हलपर इथे, टेस्टर पुण्यात. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. इथे दुपारी चारला दिलेला कोड पुण्यात हिवाळ्यात साडेआठला पोचतो, म्हणजे बग कळतो दुसऱ्या दिवशी. अशा तीन फेऱ्या झाल्या की दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमधले (कामाच्या एका ठरलेल्या टप्प्यातले), म्हणजे दहा कामाच्या दिवसांतले, तीन गेले. टेस्टरला रात्री थांबवणं हा उपाय नव्हे. एक अख्खा स्क्वॉड पुण्यात उभा करा, प्रॉडक्ट ओनरसकट.

इथे बरेच आईबाप बुधवारी किंवा शुक्रवारी सुट्टी घेतात, म्हणून प्लॅनिंग मंगळवारी किंवा गुरुवारी ठेवावं. शिवाय 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत कर्मचारी परिषद असावीच लागते. मोठ्या फेररचनेवर निर्णय घेण्याआधी तिचा सल्ला मागावा लागतो, आणि तो डावलला तर अंमलबजावणी महिनाभर थांबवावी लागते. वेळापत्रकात तो महिना आधीच धरा.