भरपाई दिली गेली होती, पण मालकांना

गुलामगिरीची नुकसानभरपाई देण्याचा विषय निघाला की हमखास विचारले जाते की, दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाची किंमत आज कोण आणि कशी ठरवणार? मलाही हा प्रश्न बराच काळ बिनतोड वाटत असे. ब्रिटनने ती किंमत एकदा माणशी ठरवून चुकतीही केली होती, हे वाचल्यावर माझे मत बदलले.

१८३३ च्या कायद्याने वसाहतींमधील गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने दोन कोटी पौंड मंजूर केले आणि ते मालकांसाठी होते. ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला त्यांना एक पेनीही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या (अ‍ॅप्रेंटिसशिपच्या, म्हणजे काम शिकण्याच्या) नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मळ्यांवर आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी राबावे लागले. भरपाईच्या तक्त्यांत मुकादम, कारागीर, शेतमजूर, घरगडी असे वेगवेगळे वर्ग होते. म्हातारे, आजारी आणि कामाला निरुपयोगी ठरलेल्यांचा एक वर्ग होता आणि सहा वर्षांखालील मुलांचाही एक होता. ही मुले १ ऑगस्ट १८३४ रोजी लगेच मुक्त झाली, तरीही त्यांचे पैसे मालकाने घेतले. दूध पिणाऱ्या मुलाचाही दर ठरवणाऱ्या त्या एका ओळीपाशी मी फार वेळ थांबलो.

‘पूर्वजांच्या चुकीसाठी आजच्या करदात्याने का भरावे?’ हाही नेहमीचा आक्षेप आहे. मात्र त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची पूर्ण फेड २०१५ मध्ये झाली, असे ब्रिटिश अर्थखात्यानेच २०१८ मध्ये सांगितले. माझा मावसभाऊ २००६ पासून लेस्टरला नोकरी करतो. म्हणजे मळेवाल्यांसाठी काढलेले कर्ज फेडणाऱ्या तिजोरीत त्याच्या पगारातून कापलेला कर जात होता, आणि ज्यांचे पूर्वज त्या तक्त्यांत मोजले गेले अशा ब्रिटनमधील जमैकन कुटुंबांचाही जात होता.

पैसे नेमके कोणाच्या हाती द्यायचे, ही अडचण मात्र खरी आहे. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ या संघटनेने २०१४ मध्ये मांडलेल्या दहा कलमी मागणीत रीतसर माफी, आरोग्य, शिक्षण आणि कर्जमाफी यांवर भर आहे, आणि मला तोच मार्ग पटतो.

सर्वांत मोठी रक्कम घेणाऱ्यांमध्ये लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन होता. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचा तो पिता. २,५०८ माणसांपोटी त्याला १,०६,७६९ पौंड मिळाले. गुलाम हातचे जाणार हे दिसताच त्याने १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानातून मजूर मागवले, आणि मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ व ‘हेस्परस’ ही जहाजे सुमारे चारशे करारबद्ध मजुरांना घेऊन आजच्या गयानाच्या किनाऱ्याला लागली. त्यांतील काहींची रवानगी ग्लॅडस्टनच्याच मळ्यांवर झाली. म्हणून हा वाद आपल्यासाठी केवळ परक्यांचा राहत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टनच्या वंशजांनी गयानात जाऊन जाहीर माफी मागितली. त्यांच्या या धैर्याचा मला मनापासून आदर वाटतो. मात्र तेथील संशोधनासाठी त्यांनी देऊ केलेली रक्कम एक लाख पौंड आहे, म्हणजे त्यांच्या पूर्वजाने जवळजवळ दोन शतकांपूर्वी, त्या वेळच्या पौंडांत घेतलेल्या रकमेपेक्षाही ती कमीच भरते.