ट्रायग्लिसराइड ७१२: औषध, पर्वती आणि चतुर्थीची खिचडी

संध्याकाळी हातात आलेल्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ७१२, आणि एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात नुसती आडवी रेघ. सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये विचारलं, तर तिथल्या मुलीने माझी नळीच समोर धरली. तळाला रक्ताचा गडद थर, आणि वर जो पिवळसर, नितळ द्रव असायला हवा तो पाणी घातलेल्या दुधासारखा. "काका, चारशेच्या वर गेलं की सूत्राने एलडीएल काढता येत नाही. डॉक्टरांना लगेच दाखवा."

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, पोटात दुखतंय का? आकडा हजारापुढे गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते म्हणून. मग एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करायला लावली. ती आली ९.८. आता साखरेचा आणि चरबीचा काय संबंध, असं मी विचारलं आणि डॉक्टर रंगात आले. (बाहेर ताटकळलेली मंडळी नंतर माझ्याकडे कशी बघत होती, ते सोडा.)

जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून रक्तात येते. यकृतही स्वतः तयार केलेली चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांतून सोडतं. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते या कणांमधलं ट्रायग्लिसराइड तोडतं, आणि सुटलेली मेदाम्लं शेजारच्या पेशी उचलतात. गंमत म्हणजे एन्झाइम एकच, पण कामाच्या वेळा जागेप्रमाणे उलट्या. जेवलं की इन्सुलिनमुळे मेदपेशींकडचं जोरात चालतं आणि चरबी साठते. उपाशीपोटी तिथलं मंदावतं आणि हृदयाकडचं, स्नायूंकडचं वाढतं, कारण तेव्हा इंधन त्यांना हवं असतं. माझं इन्सुलिनचंच गणित बिघडलेलं. यकृताकडून चरबी जास्त येत होती आणि तोडणारं एन्झाइम कमी पडत होतं.

मधुमेहाची गोळी सुरू झाली, सोबत फेनोफायब्रेट. तेही हे एन्झाइम वाढवतं. सुरुवातीला तेल-तूप जवळजवळ बंद. रोज सकाळी पर्वती चढायची. व्यायामाने स्नायूंमधलं एन्झाइम वाढतं आणि त्याचा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, त्यामुळे अधूनमधून एकदम सिंहगड गाठण्यापेक्षा रोजची पर्वती बरी, हे मला पटलं. गुडघ्यांना पटायला वेळ लागला.

पुढच्या तपासणीत आकडा २९० वर आला आणि तिथेच अडला. डॉक्टरांनी खाण्याची वही मागितली. तेल कुठेच नव्हतं. चतुर्थीला मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर रताळ्याचा गोड कीस, आणि रोजच्या चहात साखर होतीच.

"काका, जास्तीच्या साखरेची आणि पिठाची चरबी यकृतच करतं. त्याला तेल लागत नाही."

आता चतुर्थीला ताक आणि थोडे दाणे. चहा बिनसाखरेचा. परवाचा आकडा १६४. दीडशेच्या आत यायला हवा, म्हणून फेनोफायब्रेट अजून चालू आहे.