टगचा फेंडर निवडायचा तर आधी जहाजाची प्लेट बघा

टगच्या (जहाजांना ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या, ताकदवान बोटीच्या) फेंडरची, म्हणजे धक्का झेलणाऱ्या रबराची, चौकशी बहुतेकदा व्यासापासून सुरू होते: ६०० मिलिमीटरचा बसवू की ८०० चा? हा प्रश्न नंतरचा. टग ज्या जहाजाला ढकलणार त्याच्या अंगाच्या पोलादी प्लेटला किती दाब सोसवतो, हे आधी विचारा. मोठ्या टँकरच्या किंवा गॅसवाहू जहाजाच्या बाजूसाठी दर चौरस मीटरला सुमारे २० टन धरून चालणं बरं.

६० टन बोलार्ड पुलचा (म्हणजे जागेवर उभं राहून तेवढा जोर लावणारा) टग पूर्ण जोराने ढकलतोय असं समजा. ६० भागिले २०, म्हणजे किमान ३ चौरस मीटर रबर जहाजाला टेकलं पाहिजे. नाळेवर, म्हणजे टगच्या पुढच्या टोकावर, ८०० मिलिमीटरचा गोल फेंडर आहे. दबून तो अर्धा मीटर पसरला आणि नाळेच्या गोलाईमुळे अडीच मीटर लांबीतच टेकला, तर क्षेत्र भरलं सव्वा चौरस मीटर. दाब ४८ टन! फेंडर शाबूत, टग शाबूत, आणि जहाजाची दोन फ्रेममधली (आतल्या फासळ्यांमधली) प्लेट आत गेलेली. जहाजाच्या बाजूवर टगसाठी खुणा रंगवतात त्या याचसाठी. तिथे आतून मजबुती असते. पण लाटेवर टग खुणेवरून सरकतो, त्यामुळे खुणेच्या भरवशावर फेंडर लहान घेऊ नये.

यावर उपाय म्हणजे वर गोल फेंडर आणि त्याखाली डब्ल्यू किंवा एम आकाराच्या ठोकळ्यांची भिंत. अडीच मीटर रुंद, १.२ मीटर उंच भिंत सपाट टेकली की ३ चौरस मीटर होतात. मात्र हा हिशेब बाहेरच्या मापांचा झाला. ठोकळ्यांच्या खाचांत १५ टक्के गेले तर दाब साडेतेवीस टनांवर जातो. शिवाय कंटेनर जहाजाची बाजू पुढे-मागे बाहेर झुकलेली असते. तिथे भिंत टेकतच नाही, सगळा भार वरच्या गोल फेंडरवर येतो. ही जागा तपासायची राहून जाते.

धडकेचं गणित वेगळं. ६०० टनांचा टग सेकंदाला अर्धा मीटर वेगाने टेकला तर ७५ किलोज्यूल. एक मीटर वेगाने, ३००. इथे जाड रबरापेक्षा मास्टरचा (टगच्या कप्तानाचा) हात जास्त वाचवतो.

रबर: ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन आणि ओझोनला टिकतं, नैसर्गिक रबर फाटायला आणि घासायला चिवट. लाटेत सतत ढकलणाऱ्या टगच्या नाळेला मी नैसर्गिक निवडेन. कोरडं रबर प्लेटला चिकटून वर-खाली ओढलं जातं आणि कडेपासून फाटतं, म्हणून ढकलताना फेंडरवर पाण्याचा फवारा ठेवावा.

८०० बाहेर, ४०० आत अशा फेंडरचं वजन मीटरला साधारण ४५० किलो. तो मधल्या भोकातल्या साखळीवर आणि खाचांतल्या पट्ट्यांवर उभा असतो. साखळी झिजली की फेंडर लोंबतो आणि पट्ट्या एकेक करून तुटतात, तेव्हा टर्नबकलपर्यंत (साखळी ताणायच्या स्क्रूपर्यंत) पाना पोचेल अशी जागा नकाशातच ठेवा.

बाजूला जुने टायर लटकवायला हरकत नाही, पण ढकलायच्या नाळेवर नकोत. त्यांच्या साखळीची कडी जहाजाच्या रंगात चर पाडते. आणि फेंडरमागच्या प्लेटवर वेल्डिंग करायचं असेल तर फेंडर आधी उतरवा. मागून तापलेलं रबर पेटतं, नाहीतर आतून कडक होऊन पहिल्याच जोरात तडकतं.