चार वाजताची हाक

मंगळवार, रात्री

आज खालच्या काकू लिफ्टपाशी भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा पक्षी फार ओरडतो हो." रागाने नाही म्हणाल्या, उलट माझा हात धरून म्हणाल्या. "दुखतंय का गं त्याला काही? ऐकवत नाही." मी म्हटलं, नाही काकू, कॉकाटील जातीचे पोपट असेच ओरडतात. वर आले, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकदम रडूच आलं. एवढं काय बोलल्या त्या? तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलेय.

दुखत नाहीये, एवढं मला पक्कं माहीत आहे. आधी तेच तपासलं होतं. रोज सकाळी खाण्याच्या आधी त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा करते. नव्वदच्या आसपास ग्रॅम भरतो, म्हणजे ठीक. विष्ठा रोजच्यासारखी आहे. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत नाही, पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसत नाही. पक्षी आजारपण लपवतात. थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावरच शिकाऱ्याची नजर जाते, म्हणून अगदी अंगावर येईपर्यंत ते दाखवतच नाहीत. बंड्या ओरडतोय तोवर मला त्या बाजूने काळजी नाही. गप्प झाला तर मात्र मी रिक्षा करून डॉक्टरांकडे धावेन.

आणि ओरडणं काही एकाच प्रकारचं नसतं. काकूंना हे सांगायला हवं होतं. खिडकीबाहेर घार फिरायला लागली की तो अंग चोरून काडीसारखा बारीक होतो, तुरा सरळ उभा, मान कलती करून एक डोळा आभाळाकडे. मग एकच तीक्ष्ण आवाज, आणि घार जाईपर्यंत पुतळा. ती भीती वेगळी. रात्रीची तर त्याहून वेगळी. कॉकाटीलना अंधारात दचकायची खोडच असते. भिंतीवरून पाल सरकली, खाली कोणी हॉर्न वाजवला, की हा झोपेतून उडतो आणि अंधारात पिंजऱ्याच्या गजांवर आपटत राहतो. त्या वेळी हात घालून धरायचं नाही. आधी दिवा लावायचा, लांबूनच हळू आवाजात बोलत राहायचं, आणि शांत झाला की पंख बघायचे. नुकतं फुटलेलं पीस मोडलं तर त्यातून रक्त वाहतं. म्हणून त्याच्या कोपऱ्यात रात्रभर मंद दिवा असतो. भीती उतरली की तो चोचीवर चोच घासत कर्‌कर्‌ असा बारीकसा आवाज करतो आणि झोपतो. तो आवाज ऐकला की मग मलाही झोप लागते.

चारची हाक यातली कुठलीच नाही.

चारला तो पिंजऱ्याच्या दारावर येऊन बसतो. तोंड आईच्या खोलीकडे. दोन सुरांची शीळ घालतो, दुसरा सूर वर चढणारा. मग थांबतो. हे थांबणंच मला सहन होत नाही. मान एका बाजूला करून तो खरंच ऐकत असतो. मग पुन्हा, जरा मोठ्याने. मग मधलं थांबणं कमी कमी होत जातं आणि शेवटी नुसता कल्लोळ उरतो. काकूंना पोहोचतो तो तो कल्लोळ.

आई इथे असताना हे कधी झालं नाही. चारला ती चहा टाकायची, याची पहिली शीळ यायची आणि ती ओट्यापासूनच म्हणायची, "आले रे राजा, आले." यायची नाही मुळी! आलं किसत तिथेच उभी असायची. पण ह्याला तेवढं पुरायचं. लगेच राळ्याच्या कणसाकडे वळायचा. मी पक्ष्यांवरचं कायकाय वाचलं तेव्हा कुठे मला त्यातलं कळलं. कॉकाटील ही काकाकुव्यांच्या कुळातली सगळ्यात लहान जात, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातली. पाणी आणि गवताचं बी जिथे असेल तिथे थव्याने फिरायचं. वर ससाणे असतात, मोकळ्या रानात एकटा पडलेला पक्षी वाचणं कठीण. म्हणून सारखी विचारणा, मी इथे आहे, तू कुठे आहेस? जवळ यायची गरज नसते, कुणीतरी उत्तर द्यायचं असतं. आईने यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. तिला कुणी हाक मारली की ती ओ द्यायची, एवढंच. त्याच्यासाठी नॉनस्टिक तवाही तिनेच घराबाहेर काढला होता. तापलेल्या लेपाच्या धुराने पक्षी मरतात हे तिला कुणीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तवा भंगारवाल्याकडे.

मीही म्हणून बघितलं. त्याच ओट्यापाशी उभी राहून, तिच्याच चालीत, "आले रे राजा, आले." त्याचा तुरा वर झाला. माझ्याकडे बघितलं, क्षणभरच, मग मान पुन्हा तिच्या दाराकडे, आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडला.

मी अडकलेय ती इथे. पुन्हा पुन्हा इथेच येते. पाणी मी बदलते. अंगावर पाण्याचा फवारा मी मारते, पंख पसरून कसा आनंदाने भिजतो. त्याच्या पिसांची पांढरी पूड सगळ्या घरभर बसते ती रोज मी पुसते. आणि हाक जाते ती नाशिकला, आईकडे. दादाच्या घरात पक्ष्याला जागाच नाही म्हणे. असो.

आईला फोनच्या स्पीकरवर आणून बघितलं एकदा. तिचा आवाज ऐकल्यावर तो टेबलावरून तुरुतुरु चालत आला, फोनच्या मागे जाऊन बघितलं, कव्हरची कड चोचीने उचलून खाली बघितलं. आई तिकडून विचारत होती, काय करतोय गं? मी म्हटलं, खेळतोय. पुन्हा तसं करणार नाही. तिचा आवाज रेकॉर्ड करून लावून ठेव, असं सांगणारे आहेत, पण आवाज आहे आणि माणूस नाही हे त्याने कसं समजून घ्यायचं? मलाच समजत नाही.

काकूंनी आणखी एक सुचवलं, पिंजऱ्यावर चादर टाका. तेव्हा मात्र मला राग आला, दाखवला नाही तरी. जो जीव तू कुठे आहेस असं विचारतोय त्याला भर दुपारी अंधारात कोंडायचं? दुसरा सल्ला असतो तो साफ दुर्लक्ष करायचा. ओरडल्यावर धावत गेलात तर ओरडण्याने माणूस येतं हे तो शिकतो, म्हणून जाऊच नका. यात खरं आहे, पण अर्धंच. कल्लोळ सुरू झाल्यावर धावू नये हे बरोबर. तेव्हा तो श्वास घ्यायला थांबेल त्या क्षणाची वाट बघावी आणि त्या शांततेत बोलावं. पण पहिली हळू शीळ म्हणजे ओरडणं नव्हे. तिला उत्तर द्यायलाच हवं, लगेच, असाल तिथून. ते नाही मिळालं म्हणूनच पुढचं सगळं होतं. याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

पण उत्तर द्यायला तो मला हाक मारेल तर ना. बंड्या आता सहा वर्षांचा. नीट सांभाळला तर कॉकाटील 15-20 वर्षं जगतो. इतकी वर्षं तो त्या दाराकडे तोंड करून बसणार, आणि मी त्याच्यामागे उभी.

थांब. काकूंचं वाक्य मी वर अर्धंच लिहिलंय. त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही बाहेर पडलात की तुमचा पक्षी फार ओरडतो हो."

मी बाहेर पडले की.

बुधवार

आज मुद्दाम दुपारी, चारच्या बरंच आधी, पिशवी घेतली, दार ओढलं आणि जिन्यातच उभी राहिले. आधी काहीच नाही. मग शीळ. दोन सूर, दुसरा चढणारा. मग ते थांबणं. त्या वेळी आईचा चहा नाही, आईची वेळ नाही. घरातून गेले होते ती फक्त मी.

मी कधी ऐकलीच नव्हती ही. कशी ऐकणार, ती सुरू व्हायची तेव्हा मी स्टेशनच्या वाटेवर असायची. इमारतीतल्या सगळ्यांनी ऐकली असणार.

खूप वेळ छाती धडधडत होती. आनंद झाला, नाही असं नाही. पण त्याहून जास्त पोटात तुटलं. इतके दिवस तो हाका मारत होता आणि उत्तर नव्हतं. मग दाराशी तोंड नेऊन मी शीळ घातली. आईची चाल नाही, माझीच, एक खालचा सूर आणि एक वरचा, जसा जमला तसा. आत शांत. मग एकदाच, हळू, उत्तरादाखल. जिन्यात उभी राहून मी पुन्हा वाजवली, त्याने पुन्हा दिली.

रात्री आईचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "जाताना सांगून जातेस ना त्याला? गुपचूप नाही जायचं. मी रोज सांगायचे, खाली जाऊन येते रे. फक्त त्या दिवशी…" मग जरा थांबली आणि विचारलं, दूधवाला वेळेवर येतो का. मी म्हटलं, येतो.

तर आता ठरवलंय ते असं. निघताना दरवेळी तेच शब्द, त्याच आवाजात, आणि मग रेंगाळायचं नाही. आधी अगदी थोड्या वेळासाठी जायचं. न्हाणीघरापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आतून बाहेरून माझी शीळ, आणि परत यायचं ते तो शांत असताना. जाण्याआधी राळ्याचं कणीस कागदात गुंडाळून पिंजऱ्यात खोचायचं, म्हणजे सोडवत बसेल. रानात त्यांचा अर्धा दिवस चरण्यात जातो, इथे वाटी भरलेली असते आणि पुढे काही कामच नसतं. रात्री लवकर दिवे कमी, त्याला दहा-बारा तास झोप लागते.

आणि चारची हाक? ती तशीच राहू दे. ती आईची आहे. तिची नक्कल आता मी करणार नाही. आज चारला चहाचा कप घेऊन पिंजऱ्याजवळ बसले. त्याने दाराकडे बघून शीळ घातली, मी माझी घातली. तो ओरडला, पण कल्लोळापर्यंत गेला नाही. मग गजांवरून उलटा उतरत माझ्या बाजूला आला आणि डोकं खाली करून मान पुढे केली, खाजव म्हणून. तुऱ्याच्या मागे नवीन पिसांचे कोंब आलेत, तिथे त्याला स्वतःची चोच पोहोचत नाही. थव्यात ते दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. नखाने हळूहळू एकेकाची साल काढली. बराच वेळ बसला.

काकूंकडे जाऊन सगळं सांगून आले. त्यांच्या नातवाने विचारलं, पोपट पाळायला बंदी आहे ना? हुशार आहे. त्याला सांगितलं, आपल्या देशी पोपटांना, 1972 च्या वन्यजीव कायद्याने, आणि योग्यच आहे ते. हा परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेला, बाहेर सोडला तर जगणार नाही. नातवाला शीळ शिकवली. माझ्यापेक्षा छान वाजवतो. काकू म्हणाल्या, तुला उशीर होणार असेल तेव्हा आम्ही दोघं चारला वर येऊन बसू, चावी ठेवून जा.

म्हणून रविवारी नाशिकला जायचं ठरवतेय. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत. बंड्याला सकाळी सांगेन. आईला उद्याच फोन करते, आणि दादालाही. यायच्या आधी सांगितलेलं बरं.